चारचौघांत फजिती झाली तर...



पाय घसरून पडलेल्या माणसाकडे आपण कधी नीट पाहिले आहे काय? आमच्या चिपळुणात ती सोय भरपूर आहे. जून उजाडला की पाखाड्यांवर शेवाळ धरते आणि सप्टेंबर संपेपर्यंत रोज कुणी ना कुणी आडवे होतेच. पडलेला माणूस उठतो, पण गुडघा चोळत नाही. आधी मान वळवून इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिले तर नाही ना? पाहिले नसेल तर निम्मे दुखणे तिथेच थांबते. पाहिले असेल तर मात्र तो पाखाडीला बोलतो, पावसाला बोलतो, चपलेला बोलतो आणि घरी पोचल्यावर पत्नीला बोलतो, कारण ती चप्पल तिनेच पसंत केलेली असते!

आम्ही गेली वीस-बावीस वर्षे कचेरीत लेखनिकाचे काम करतो आणि सुटीच्या दिवशी समाजाचे. लग्ने, जयंतीचे कार्यक्रम, शोकसभा, विद्यार्थ्यांचे सत्कार, असे कुठे ना कुठे हातात माईक घेऊन उभे राहणे आमच्या वाट्याला येते. त्यामुळे चारचौघांत होणाऱ्या फजितीचे पुष्कळ नमुने आमच्या पाहण्यात आले. प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीचा पाय मंचाच्या फळ्यांत गेला आणि पाहुणे 'जयभीम' म्हणता म्हणता मागे आडवे झाले, हे आम्ही पाहिले आहे. एका कार्यक्रमात तर आभार मानणाऱ्या तरुणाने देणगीदारांची नावे वाचताना समोर बसलेल्या एका धडधाकट गृहस्थांच्या नावाआधी 'कालकथित' लावले. सभा गार झाली. तो तरुण पांढराफटक पडला. गृहस्थ पहिल्या रांगेतून सावकाश उठले आणि म्हणाले, "घाई नको रे बाबा, चहा घेऊन जाईन म्हणतो." सभा पोट धरून हसली. ते गृहस्थ आजही हयात आहेत आणि जयंतीची वर्गणी सर्वांत आधी त्यांचीच येते.

पण प्रत्येक ठिकाणी असे गृहस्थ नसतात. आपल्या वस्त्यांत फजितीचा अपमान व्हायला वेळ लागत नाही आणि अपमानाची मारामारी व्हायला त्याहून कमी लागतो. हसता हसता सुटण्यासारखी गोष्ट पोलीस ठाण्यापर्यंत गेलेली आम्ही पाहिली आहे. त्यावर दोन शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते.

पाच-सहा वर्षांपूर्वी तालुक्यातल्याच एका गावी लग्न होते. मे महिना, मांडवात उकाडा, मुंबईहून चाकरमानी मंडळी आलेली. त्रिशरण-पंचशील झाले. बौद्धाचार्य वधू-वरांकडून प्रतिज्ञा वदवून घेऊ लागले आणि वराचे नाव घेताना त्यांनी नेमके त्याच्या थोरल्या भावाचे नाव घेतले. त्यांचा तरी काय दोष? हातात दिलेल्या कागदावर घरच्यांनी निमंत्रकाचे नाव वर लिहिले होते आणि वराचे खाली. मांडवात हशा पिकला. वराचे चुलते, गिरणीत आयुष्य काढलेले तापट गृहस्थ, ताडकन उठले. "आमच्या पोराच्या नावाची थट्टा चालवलीय काय?" मुलीकडचे दोघे उठले. "थट्टा कुणी केली? कागद कुणाचा?" बाह्या वर सरकू लागल्या. बौद्धाचार्यांच्या कपाळावर घाम. तेवढ्यात पुढच्याच रांगेतून त्या थोरल्या भावाची बायको, कडेवर मूल घेतलेली, मोठ्याने म्हणाली, "आचार्य, ते नाव माझ्याकडं आठ वर्षांपूर्वीच नोंदवलंय. धाकट्याचं घ्या, ते अजून मोकळं आहे!"

मांडव असा हसला की आचाऱ्याने भाताचे तपेले सोडून बाहेर डोकावले. चुलत्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि मग ते असे खाली बसले की जणू पाणी मागायलाच उठले होते. लग्न लागले. जेवणाच्या पंगतीत मुलीकडच्या त्या दोघांनीच चुलत्यांच्या पानात आग्रहाने लाडू वाढला.

रागाने उठलेल्या माणसाला पुन्हा बसायला वाट लागते. ती वाट कुणी दिली नाही तर तो उभाच राहतो आणि मग त्याला काहीतरी करावेच लागते. त्या सुनेने एका वाक्यात बौद्धाचार्यांना सोडवले, चुलत्यांना बसायला जागा करून दिली आणि कुणालाही लहान केले नाही. ती सातवी शिकलेली आहे.

मात्र चुलत्यांनाही आम्ही वेडे ठरवणार नाही. त्यांच्या वडिलांना गावात कुणी पुरत्या नावाने कधी हाक मारली नव्हती. गणपतचा गण्या, धोंडिरामचा धोंड्या. ज्या घरात नाव मोडूनच घेतले गेले, त्या घरातल्या माणसाला नावावरून पिकलेला हशा लगेच बोचणारच. जुने गळू असते, बोट लागले की माणूस ओरडतो. बोट कुणाचे आणि कशासाठी लागले हे पाहायला त्याला उसंत नसते. म्हणून आम्ही आमच्यापुरती एक खूण ठरवली आहे. फजिती होते, तिला करणारा कुणी नसतो. अपमान कुणीतरी करतो. खुर्चीचा पाय फटीत गेला, ही फजिती. तुम्ही बसणार म्हणून खुर्चीच काढून घेतली, हा अपमान. पहिल्यावर हसावे, दुसऱ्यावर हसू नये. सांगायला सोपे आहे. पण दोन्ही एकाच प्रसंगात मिसळून आले म्हणजे खरी पंचाईत होते.

तसा एक प्रसंग परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्यात घडला होता. साल १९२९. त्या वर्षी एप्रिलमध्ये बाबासाहेब आमच्या चिपळूणला रत्नागिरी जिल्हा परिषदेचे अध्यक्ष म्हणून येऊन गेले होते. पुढे त्याच वर्षी ते खानदेशात गेले. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते आगगाडीने चाळीसगावला आले. वस्तीतल्या मंडळींनी रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह केला होता. स्टेशनवर टांगे उभे होते, वस्ती चालत जाण्यासारख्या अंतरावर होती, तरी बाबासाहेबांना तासभर थांबवून ठेवले. का, ते कुणी सांगेना. अखेर एक टांगा आला. त्यात टांगा हाकणारा आणि बाबासाहेब असे दोघेच. बाकीची मंडळी आडवाटेने पायी निघाली. दोनशे पावले जातात न जातात तोच टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीवर चाक कडेच्या दगडात अडकले, बाबासाहेब फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट नदीत गेला. बाबासाहेबांचा पाय मोडला. वस्तीत बायामुलांचा आकांत झाला.

नंतर उलगडा झाला. महाराला बसवून टांगा हाकणे कमीपणाचे म्हणून एकही टांगेवाला यायला तयार नव्हता. एकाने भाड्याने टांगा दिला, पण हाकणार नाही म्हणाला. आता एवढ्या मोठ्या बॅरिस्टर पाहुण्याला पायी न्यायचे कसे? ते शोभेल का? म्हणून वस्तीतलाच एक जण हाकायला बसला, ज्याने आयुष्यात लगाम धरला नव्हता. बाबासाहेबांनी स्वतः हे सारे लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाच्या त्या आठवणी महाराष्ट्र शासनाने १९९३ साली काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या १२ व्या खंडात आहेत. त्यात ते वस्तीतल्या माणसांवर चिडत नाहीत. आपला मान राखायला निघालेल्यांनी आपला जीवच धोक्यात घातला, हे त्यांच्या ध्यानात आले होते आणि ते तसे नोंदवतात. पण शब्दांची धार त्यांनी राखून ठेवली आहे ती टांगेवाल्यासाठी. हलके काम करणारा टांगेवालाही बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला वरचा समजतो, यावर.

आम्ही हा प्रसंग वाचतो तेव्हा आम्हाला तो तास दिसतो. स्टेशनवरचा तो एक तास. आपली माणसे टांगेवाल्यांच्या पायधरण्या करीत फिरत होती आणि पाहुण्याला खरे काय ते सांगायला कुणाची जीभ उचलत नव्हती. नकार दिला टांगेवाल्यांनी, आणि लाजेने मान खाली गेली आपल्या लोकांची! "साहेब, टांगेवाले येत नाहीत, आपण चालत जाऊ," एवढे म्हटले असते तर ती रात्र निराळी गेली असती. ज्याची लाज त्याने बाळगायची, ती आपण उचलून घरी आणली. आणि अजून आणतो. सावकारी व्याजाने पैसे काढून मुलीचे लग्न हॉलमध्ये लावतो, कारण अंगणात लावले तर हसे होईल. शाळेच्या पालकसभेला आई जात नाही, कारण साडी धड नाही.

साडीवरून रमाईची आठवण होते. आपल्या आयाबाया ती पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत. विलायतेहून परतलेल्या साहेबांच्या स्वागताला जायचे, नेसायला धड लुगडे नाही, तर रमाईने शाहू महाराजांनी दिलेला साहेबांचा भरजरी फेटा नेसला आणि त्या बंदरावर गेल्या. ही गोष्ट सांगताना आमची आई डोळ्यांना पदर लावीत असे. आम्हाला मात्र लहानपणापासून त्यात एक मिस्कील तरतरीही दिसते. घरी बसून रडण्यापेक्षा फेटा नेसून जाणे, याला अंगात पाणी लागते.

आता कचेरीतले सांगतो. खिडकीच्या आत बसणाऱ्या माणसाला खिडकीबाहेरचे पुष्कळ कळते. फॉर्म पुढे केला की काही माणसे खिसे चाचपतात आणि म्हणतात, "चष्मा घरी राहिला." आम्ही काही विचारत नाही. फॉर्म आपल्याकडे घेतो आणि भरतो. चष्मा घरी राहिलेला नसतो हे त्यांना ठाऊक, आम्हाला ठाऊक, रांगेतल्या बाकीच्यांनाही ठाऊक. हे खोटे बोलणे नव्हे, ही अंगावरची चादर आहे, ती ओढू नये. पण त्या चादरीखाली माणूस गुदमरतो हेही खरे. न समजता अंगठा दिल्याने जमिनी गेल्या, कर्जाला जामीन होऊन बसले, असे किती तरी.

एके दिवशी खालच्या खाडीपट्ट्यातले एक म्हातारे बाबा आले. वय सत्तरीच्या पुढचे. आम्ही फॉर्म पुढे केला. त्यांनी खिशातून डबी काढली, डबीतून चष्मा काढला, तो नाकावर नीट बसवला, फॉर्म हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "सायेब, चष्मा आनलाय, पन अक्षरं घरी ऱ्हायलीत."

रांग हसली. बाबाही हसले. आम्ही फॉर्म भरून दिला, त्यांना वाचून दाखवला आणि सही करता येते का विचारले. म्हणाले, "सई येते. तेवढी एकच भाकरी थापायला शिकलोय." त्यांनी कोरून कोरून आपले नाव लिहिले. खरी गंमत पुढेच झाली. त्यांच्या मागच्या बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "माझीपण घरी ऱ्हायलीत, भाऊ." त्यांच्या मागे एक पँट-शर्टातला चाळिशीचा गडी होता. त्याने अर्धा मिनिट विचार केला, मग फॉर्म आमच्याकडे सरकवला. चष्म्याचे नावसुद्धा काढले नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर गैरसमज होईल. आपल्या आजोबांच्या पिढीलाही हसावे लागे. मालकाने ओटीवरून थट्टा करायची आणि खाली उभ्या असलेल्याने दात काढायचे. "आम्ही काय जी अडाणी," म्हणायचे. त्या हसण्यावर दोन पायली भात मिळत असे. ते हसू आणि या बाबांचे हसू एक नव्हे. बाबांनी स्वतःला हलके म्हटले नाही. अक्षरे आपली आहेत, आज बरोबर नाहीत, एवढेच ते म्हणाले. जे हसू मागून घेतले जाते ते घशात अडकते. आपले तरुण कार्यकर्ते कधी कधी आम्हाला विचारतात, "स्वाभिमानी माणसाने स्वतःवर हसावेच कशाला?" त्यांना आम्ही या बाबांची गोष्ट सांगतो. त्यावर त्यांचे समाधान होतेच असे नाही, पण चर्चा लांबते आणि चहा येतो.

आमच्या कोकणात तर चारचौघांत एकमेकांची उडवण्याची कलाच आहे. शक्ती-तुऱ्याचे सामने रात्र रात्र चालतात. एका बाजूने टोमणा मारायचा, दुसऱ्याने त्याला पदात उत्तर द्यायचे. चिडला तो हरला, असा अलिखित कायदा. आपल्या जयंतीला भीमगीतांचे जंगी सामने होतात त्यांतही तीच खुमारी उतरली आहे. अशाच एका सामन्यात गायिका ऐन रंगात आली आणि वीज गेली. माईक मुका, मंच अंधारात. समोरच्या पार्टीच्या गायकाने संधी साधली. अंधारातूनच ओरडला, "बाईंचा सूर तारेवरून येत होता वाटतं!" लोक हसले. बाई मंचावरून खाली उतरल्या, चालत लोकांच्या मधोमध आल्या आणि म्हणाल्या, "पाहुणे, लाईट गेली म्हणून मी दिसत नाही एवढंच. ऐकू येतंय ना?" आणि पेटी-ढोलकी थांबलेली असताना नुसत्या टाळीवर तेच गाणे पुढे सुरू केले. कुणीतरी मोबाईलच्या बॅटऱ्या लावल्या. अर्ध्या तासाने वीज आली तेव्हा बाया म्हणाल्या, माईक बंदच ठेवा. टोमणा मारणारे गायक सामना संपल्यावर मंचावरच त्यांना वाकून जयभीम करून गेले. त्यांचाही रंग राहिला.

आता आमच्याच अंगावर आलेला प्रसंग. २२ जुलै २०२१ चिपळूणकर जन्मात विसरणार नाहीत. पहाटेच्या अंधारात वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी शहरात शिरले आणि बघता बघता तळमजले गेले. काही भागांत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढले. २००५ चा पूर पाहिलेले लोक "तेवढंच येईल" म्हणून सामान माळ्यावर टाकून बसले होते, तो माळाही बुडाला. पाणी ओसरल्यावर घरात चिखल आणि अंगावरचे ओले कपडे एवढेच उरले. मग महाराष्ट्रभरातून मदत आली. पाणी, धान्य, मेणबत्त्या, चादरी, कपडे. लोकांनी जीव लावून पाठवले, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

आम्ही वीस वर्षे वर्गणी गोळा करणारे, दुसऱ्यांना वह्या-चादरी वाटणारे. त्या दिवशी आम्हीच रांगेत होतो. हात पुढे करायला जड जातो, वाचकहो. पाठीला जणू लाकूड बांधले आहे असे वाटते. त्यात आमच्या मापाचे कपडे मिळेनात. गाठोड्यातून एकच बनियनवजा टी-शर्ट अंगात गेला. पिवळाधमक, हळदीच्या समारंभासाठी कुणीतरी शिवून घेतलेला, आणि छातीवर मोठ्या अक्षरांत छापलेले, 'करवली'!

मिशा पिकू लागलेला माणूस, पायात चिखल, छातीवर 'करवली', आणि रांगेत पुढे आमच्याच कचेरीत येणारे-जाणारे लोक. एका ओळखीच्या दुकानदाराने, ज्याचे स्वतःचे दुकान वाहून गेले होते, आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "काय हो, लग्न कुणाचं?" आम्ही म्हणालो, "चिपळूणचं आणि चिखलाचं. वऱ्हाड माळ्यावर अडकलंय, पंगत कधी बसणार ते विचारा." तो हसला. तीन दिवसांत आपण पहिल्यांदा हसलो, असे तोच नंतर म्हणाला. मग रांगेतल्या प्रत्येकाने आपापल्या अंगावरचे दाखवायला सुरुवात केली. एका पैलवान गड्याच्या अंगात फुलाफुलांचा गाऊन होता, तो म्हणाला, "करवले, मी तुझ्याबरोबरची."

तिथेच ती दुसरी गोष्ट घडली. मदत वाटणारी मुले लांबून आली होती, रात्रभर प्रवास करून. त्यांतला एक मुलगा प्रत्येकाला पाकीट दिल्यावर थांबवून मोबाईलवर फोटो घेत होता. त्याच्या मनात वाईट नव्हते, देणगीदारांना दाखवायचे असणार. आमच्या पुढे शेजारच्या आजी होत्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबल्या, पण कुणाच्या दारात कधी वाटी घेऊन उभ्या राहिल्या नाहीत. मुलगा म्हणाला, "आजी, जरा वर बघा." आजींनी पदर तोंडावर ओढला. मुलगा पुन्हा म्हणाला, "जरा हसा की." रांग गप्प झाली. आमच्या अंगावरचे पिवळे कापड आणि आजींचा तो पदर, दोन्ही एकाच रांगेत होते, पण गोष्टी दोन होत्या.

आम्ही पुढे होऊन म्हणालो, "बाळा, आजींचा फोटो नको." मुलगा गोरामोरा झाला. दोन दिवस न झोपलेले पोर ते, त्याचे डोळे भरून आले. त्याला तसे सोडून चालले नसते. आम्ही छाती पुढे काढून म्हणालो, "फोटो हवा तर करवलीचा काढ, लग्नात मान तिचाच असतो." त्याने डोळे पुसत फोटो काढला. नंतर मोबाईल खिशात टाकला आणि पुढची पाकिटे दोन्ही हातांनी दिली. दुसऱ्या दिवशी तो फावडे घेऊन आमच्या आळीत आला आणि चार घरांचा चिखल उपसून गेला. तो फोटो त्याने आम्हाला पाठवला आहे. आमच्या सौ. तो पाहुण्यांना दाखवतात. आम्ही हरकत घेत नाही.

या टी-शर्टवरून एक गंमत वाचनात आली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस गिलोविच आणि त्यांचे सहकारी यांनी एक प्रयोग केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो नावाच्या गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावायचे. तरुण मुलांत तो घालणे म्हणजे ओशाळवाणे. मग त्याला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचे आणि विचारायचे, कितींनी तुझा टी-शर्ट ओळखला असेल? त्याला वाटे, जवळजवळ निम्म्यांनी. प्रत्यक्षात ओळखलेले असत चौथ्या हिश्श्याच्या आसपास. आपल्याला वाटते त्याच्या निम्मेच लोक आपल्याकडे बघत असतात!

आम्ही हे आमच्या परीने ताडून पाहिले. पुरानंतर सहा महिन्यांनी त्या शेजारच्या आजींना विचारले, "त्या दिवशी आम्ही काय घातलं होतं, आठवतं का?" आजी विचार करून म्हणाल्या, "काय की. पिवळं कायतरी व्हतं. पन तू मला तुझ्यातल्या दोन मेनबत्त्या दिलेल्यास." आता अमेरिकेतल्या पोरांचा हिशेब आपल्याला सरसकट लावू नये, हेही आम्ही जाणतो. आपल्या आजोबांवर खरोखरच सारे गाव नजर ठेवून असे. पायात वहाण घातली तरी जाब विचारला जाई. ती भीती उगाच आलेली नाही. पण गावाने नजर काढून घेतल्यावरही आपण ती डोक्यावर वागवत बसतो, तेव्हा मात्र आजींना विचारून घ्यावे.

मुलांच्या बाबतीत माता-भगिनींना आमची विनंती आहे. पोर मंचावर अडखळले की खालून डोळे वटारू नका. भाषण विसरले म्हणून घरी नेऊन मारलेले मूल पुढच्या वर्षी नावच देत नाही, मग कितीही बक्षिसे लावा. मागच्या एका १४ एप्रिलला आमच्या वस्तीत वक्तृत्व स्पर्धा होती. परीक्षकांत आम्ही होतो. तिसरीतली एक मुलगी आली, दोन वेण्या, पांढरा फ्रॉक. तिची आई खानावळीत भाकऱ्या करते. "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो," इथपर्यंत गाडी झोकात आली. महू झाले, सातारा झाले आणि मुंबईला येऊन गाडी थांबली. एक मिनिट गेले. मागची मुले खुसखुसू लागली. आई खाली बसून ओठ हलवून सांगत होती, पण पोरीला कळत नव्हते.

पोरीने माईक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "पुढचं आईला पाठ आहे. तिला बोलवा."

सभा हसली. आई लाजून अर्धी झाली, पदराने तोंड झाकले. शेजारणींनी तिला ढोसून उभे केले. ती मंचावर आली नाही, आहे तिथेच उभी राहिली आणि मुंबईपासून पुढे म्हणू लागली. आधी पुटपुटत, मग मोठ्याने. कोलंबिया, लंडन, महाड, चवदार तळे, काही काही सुटले नाही. महिनाभर भाकऱ्या थापताना मोठ्या लेकीकडून वाचून घेऊन तिने ते पाठ केले होते, धाकटीकडून घोटून घेण्यासाठी. मंचावर पोरगी तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती, जणू आईची परीक्षा तीच घेते आहे. "जयभीम" दोघींनी बरोबर म्हटले.

बक्षीस कुणाला द्यायचे यावर आम्हा तिघा परीक्षकांत पाव तास वाद झाला. नियमात बसत नाही, असे एकाचे म्हणणे. नियम आम्हीच सकाळी लिहिले होते, असे दुसऱ्याचे. अखेर अर्धा डझन वह्या मुलीला दिल्या आणि पेनचा जोड आईला. नोंदवहीत दुसऱ्या क्रमांकासमोर दोन नावे लिहावी लागली, तेवढी जागा त्या रकान्यात नव्हती, म्हणून आईचे नाव समासात लिहिले आहे. पुरुते नाव, वडिलांच्या नावासकट.